आधी छप्पर, मग एसी

होसकोट्यात आता जमिनीचा भाव विचारायची सोय राहिलेली नाही. चेन्नईकडे जाणारा द्रुतगती महामार्ग इथूनच निघतो, जुन्या मद्रास रस्त्याने बंगळूर केव्हाच गावाला येऊन चिकटलं आहे, आणि नव्या इमारतींच्या जाहिरातींत पोहण्याच्या तलावाशेजारी ‘सेंट्रल एसी’ हे शब्द हटकून असतात. ही हौस आता जुन्या पेठेतल्या घरांतही पोचली आहे. मुलगा व्हाइटफील्डला किंवा परदेशात नोकरीला, गावातलं घर पाडायचं नाही यावर भावंडांचं एकमत, पण एप्रिल-मेमध्ये तिथे राहवत नाही अशी सगळ्यांची तक्रार. मग कुणीतरी व्हिडिओ पाहून येतो आणि सांगतो की जुन्या घरांसाठी छोटी सेंट्रल यंत्रणा निघाली आहे, भिंती फोडाव्या लागत नाहीत, दोन इंची नळ्यांतून सगळं घर गार होतं.

ही घरं कुणाची, हेही सांगायला हवं. 1638नंतर बंगळूर, होसकोटे, कोलार हा सगळा टापू शहाजीराजांच्या जहागिरीत आला. पुढे 1768च्या ऑगस्टमध्ये हैदरअलीने मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर रात्रीचा छापा घातला, तोही याच होसकोट्याजवळ. या पट्ट्यात कैक पिढ्या रुजलेली मराठी घराणी आहेत. त्यांची मराठी कानडी हेलात चालते आणि घरं तर पुरती इथली असतात. दगडी भिंती, वर दगडाच्या लाद्यांचं नाहीतर मद्रास टेरेसचं छत, मध्ये तोट्टी म्हणजे आपला चौक, आणि पायाखाली गेरूसारखी लाल, घोटून गुळगुळीत केलेली जमीन. अशा घरात ही यंत्रणा बसवावी का, हा प्रश्न दिसतो तेवढा खासगी नाही. पैठण-सोलापूरकडची माळवदाची घरं, पुण्या-साताऱ्याचे उरलेसुरले वाडे, कोकणातली कौलारू घरं यांच्या मालकांपुढेही आज ना उद्या तोच येणार आहे.

यंत्रणा खरोखर हुशारीची आहे, हे आधीच कबूल करतो. नेहमीच्या सेंट्रल एसीत थंड हवा संथ वाहते, म्हणून तिला रुंद वाट लागते. पत्र्याचे मोठे डक्ट येतात आणि ते झाकायला फॉल्स सीलिंग येतं. साधारणपणे एका टनामागे मिनिटाला 400 घनफूट हवा फिरवावी लागते. छोट्या यंत्रणेत तेच काम सव्वादोनशे-अडीचशे घनफुटांत भागवतात. हवा जास्त थंड करायची आणि ताकदीच्या पंख्याने दोन इंची लवचिक नळ्यांतून जोरात ढकलायची. खोलीत दिसतं काय, तर छताच्या कोपऱ्यात बशीएवढी एखाद-दोन भोकं. झोत वेगाचा असल्यामुळे तो खोलीतली हवा आपल्याबरोबर ओढून घेतो आणि कोपरे कोंदट राहत नाहीत. कॉइल अधिक थंड असल्यामुळे हवेतला दमटपणाही जास्त उतरतो. कल्पनेचं मूळ जुनं आहे. विलिस कॅरिअरने 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली ती कागद दमटपणाने फुगू नये म्हणून, आणि 1930चं दशक संपता संपता त्याच्याच कंपनीने उंच इमारतींत बारीक नळांतून वेगाने हवा खेळवायची पद्धत काढली. घरांसाठी ती अमेरिकेत 1970-80च्या दशकांत रुळली.

आता ती तिथेच का रुळली हे पाहा. तिथली जुनी घरं वाफेच्या नाहीतर गरम पाण्याच्या रेडिएटरवर तापायची, म्हणून त्यांत डक्ट कधी नव्हतेच. पण भिंती लाकडी सांगाड्याच्या, आतून पोकळ. वर मोकळा माळा, खाली तळघर. माळ्यावर यंत्र ठेवायचं आणि भिंतीच्या पोकळीतून नळी खाली सोडायची, की काम झालं. या यंत्रणेची सगळी मेख त्या पोकळ भिंतीत आहे. आपल्या जुन्या भिंतीत पोकळी सापडलीच तर ती उंदराची किंवा वाळवीची. दीड-दोन फुटांची भरीव भिंत, वर भरीव छत आणि खाली भरीव जोतं असलेल्या घरात दोन इंची नळीलाही जागा नाही. मग ती उघड्यावर धावते किंवा पुन्हा फॉल्स सीलिंग येतं, म्हणजे ज्या कटकटीतून सुटायला हे यंत्र आणायचं तीच मागच्या दाराने घरात शिरते.

मध्यंतरी होसकोट्याच्या एका घरात साधा स्प्लिट एसी बसवताना मी तिथे होतो. ग्रॅनाइटच्या भिंतीला भोक पाडायला कोअर कटिंगचं मशीन आलं. त्याच्यावर सतत पाणी सोडावं लागतं, नाहीतर पातं जळतं. करड्या रंगाचा राडा भिंतीवरून ओघळून लाल जमिनीवर साचला, आणि मेकॅनिकचा पोऱ्या तो गोणपाटाने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात लोटत राहिला. भोक पडलं, तांब्याची नळी गेली, पण ड्रेन पाइपला उतार मिळेना, कारण पलीकडची पडवी जोत्याने उंच होती. शेवटी पाइप तोट्टीत काढला. आउटडोअर कुठे लावायचा? रस्त्याच्या अंगाला शेजाऱ्याची हरकत, गच्चीवर न्यायचा तर नळी फार लांब. तोही तोट्टीतच लोखंडी ब्रॅकेटवर टांगला. संध्याकाळी एसी सुरू झाला, खोली छान गार झाली, आणि आउटडोअर आपली गरम हवा त्या चार भिंतींच्या चौकात ओतू लागला. बाकीचं घर ज्या चौकातून श्वास घेत होतं तोच तापला. घरातल्या आजी रोज संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसायच्या. त्या म्हणाल्या, “खोली गार झाली रे, पण चौक गेला.” एका एसीने हे होतं. सबंध घराची यंत्रणा म्हणजे त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता कुठेतरी टाकावी लागणार, आणि पेठेतल्या घरांना ती टाकायला चौकाखेरीज जागा नसते.

पण माझा मुख्य आक्षेप जागेचा नाही. कुशल कारागीर जागा काढतात. आक्षेप असा की आपण उष्णतेवर इलाज शोधतो आहोत आणि ती येते कुठून हे पाहतच नाही.

होसकोटे सुमारे 13 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे वर्षातून दोनदा, एप्रिलच्या 24-25 तारखेला आणि ऑगस्टच्या 18 तारखेच्या सुमारास, भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. बंगळूरचं विक्रमी तापमान 39.2 अंश, आणि तेही 24 एप्रिलचंच, 2016चं. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागत नाही, पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना सकाळ-संध्याकाळ तिरपं लागतं, आणि पेठेत तर शेजारच्या घराची भिंत तेही अडवते. छपराला मात्र दिवसभर पुरतं ऊन मिळतं. एकमजली घर तापतं ते वरून. दगडाच्या लाद्यांचं छत असेल तर त्यात आणखी एक खोड असते. ग्रॅनाइट उष्णता चांगली वाहतो आणि भरपूर साठवतोही. दुपारी तीनला ज्या घरात बरं वाटतं त्याच घरात रात्री दहाला छत अंगावर येतं. बाहेर वारा गार झालेला असतो आणि आत पंखा त्या तापल्या दगडाची हवा खाली फेकत असतो.

हे जुन्या गवंड्यांना माहीत नव्हतं असं नाही. मद्रास टेरेसमध्ये लाकडी तुळयांवर विटा उभ्या, तिरप्या ओळीत चुन्यात बसवायच्या, त्यावर चुना आणि विटांच्या खडीचा जाड थर ठोकून ठोकून घट्ट करायचा आणि वर चपट्या विटा लावायच्या. दगडी लाद्यांवरही माती-चुन्याचा थर असे. आपल्याकडचं माळवद त्याच जातीचं, फक्त तिथे पांढऱ्या मातीचं राज्य. या थरांना उष्णतेची घाई नसते. दिवसाचं ऊन खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होते आणि मग वरचं आकाशच ते परत घेऊ लागतं.

मग हे थर गेले कुठे? आपणच काढले. काढणारे अडाणी नव्हते. माळवद गळतं, दरवर्षी माती टाकावी लागते, ती टाकणारी माणसं मिळेनाशी झाली, तुळयांना वाळवी लागते, आणि वर आणखी एक मजला चढवायचा मोह कुणाला नसतो? म्हणून माती उतरवली आणि चार-पाच इंची आरसीसी स्लॅब घातला. स्लॅब गळायचा थांबला आणि तापायला लागला. ज्यांनी दगडी छत ठेवलं त्यांनी गळतीवर डांबराचा काळा कागद चिकटवला, म्हणजे भर एप्रिलमध्ये घराला काळी टोपी घातली. आज एसीसाठी आपण जे वीजबिल भरणार आहोत त्यातला मोठा वाटा उतरवून फेकलेल्या त्या मातीचा आहे.

आणि हे दुरुस्त करता येतं, यंत्राच्या पासंगालाही न पुरणाऱ्या खर्चात. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या फरश्यांचे तुकडे म्हणजे चायना मोझॅक. तेही परवडत नसेल तर चुन्याचा किंवा बाजारात मिळणारा पांढरा लेप. हैदराबादमध्ये 2017 साली गरीब वस्तीतल्या घरांच्या छपरांवर ऊन परतवणारं आच्छादन घालून पाहिलं, तेव्हा आतलं तापमान सरासरी दोन अंशांनी उतरलं. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण घरात 34 आणि 32 यांत झोप लागण्या-न लागण्याचं अंतर आहे. त्या अनुभवाच्या जोरावर तेलंगणाने 2023 ते 2028 असं पाच वर्षांचं थंड छपरांचं धोरण आखलं, देशातलं पहिलं. सौर पॅनेल लावले तर ते ऊनही अडवतात आणि वीजही देतात. केंद्राच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपयांचं अनुदान आहे. दगडी छत हा भार सहज पेलतं, मद्रास टेरेसच्या तुळया मात्र आधी कुणा जाणत्याकडून तपासून घ्याव्यात.

छप्पर सुधारल्यावर उरतो तो हवेचा प्रश्न, आणि तिथे होसकोट्याचं नशीब चांगलं आहे. आपली बांधकाम संहिता बंगळूरला समशीतोष्ण गटात घालते. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपासची उंची असल्यामुळे ऐन एप्रिलमध्येही पहाटेचा पारा 22-23 अंशांवर उतरतो. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने भारतभरच्या कार्यालयांत पाहणी करून 2014 साली एक सूत्र मांडलं. त्याप्रमाणे बाहेरचं सरासरी तापमान 28 असेल तर उघड्या खिडक्यांच्या इमारतीतल्या माणसाला साधारण 28 अंशच सोयीचे वाटतात, त्यात दोन-सव्वादोन अंश इकडे-तिकडे चालतात. म्हणजे रात्रभर खिडक्या उघड्या ठेवून भिंती गार करायच्या, सकाळी नऊला त्या लोटून घ्यायच्या आणि दिवसभर पंखा चालवायचा, एवढ्यावर वर्षाचे दहा महिने निभतात. जाड भिंत असल्या कामासाठीच असते.

सबंध घराचा एसी नेमकं हेच बंद करायला लावतो. त्याला घर सीलबंद लागतं. कौलांच्या फटी, बिनकाचेचे झरोके, देवघरावरचं गवाक्ष, सगळं बुजवावं लागतं. चौकावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा घातलेली घरं मी या भागात बरीच पाहिली. पाऊस थांबतो, कबुतरं थांबतात, आणि दुपारी अकरानंतर त्या चौकात उभं राहवत नाही, कारण पत्रा ऊन आत घेतो आणि गरम हवा वर जाऊ देत नाही. मग ती उष्णता उपसायला आणखी मोठं यंत्र लागतं. शिवाय माती-चुन्याच्या भिंती हवेतला ओलावा घेत-सोडत जगतात. त्यांच्यावर ऑइलपेंट फासायचा आणि पावसाळ्यात आतून थंड ठेवायच्या, म्हणजे गिलाव्यामागे ओल धरलीच म्हणून समजा. पोपडे सुटायला दोन पावसाळे पुरतात.

इंदूरला होळकरांनी 1930च्या दशकात माणिक बाग महालात वातानुकूलन आणलं तेव्हा महालच नवा बांधत होते. यंत्रासाठी घर बांधणं सोपं असतं. उभ्या घराच्या बाबतीत दर वेळी घरच झुकतं.

इथवर वाचून वाड्यांच्या थंडाव्याचे गोडवे गाणारी मंडळी खुशीत आली असतील. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. ‘आमच्या आजोबांच्या वाड्यात उन्हाळा कळायचा नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा ओसरीवर बसणाऱ्यांच्या नातवांचं असतं. माजघरापलीकडे, धुराने काळ्या झालेल्या, जेमतेम एका झरोक्याच्या स्वयंपाकघरात चुलीपुढे दुपार काढणाऱ्या बाईला वाड्याची हवा कशी वाटायची हे कुणी नोंदवून ठेवलेलं नाही. आणि उन्हाळाही आता तो राहिलेला नाही. 28 एप्रिल 2024 रोजी बंगळूरचा पारा 38.5 अंशांवर गेला, त्यात शहरभर पाण्याची बोंब होती. अहमदाबादमध्ये मे 2010च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा 1,300हून अधिक मृत्यू झाले, आणि त्यानंतर 2013 साली त्या शहराने देशातला पहिला उष्णता-कृती आराखडा केला. हृदयविकाराचं औषध चालू असलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला ‘पूर्वी कुठे होते एसी’ असं ऐकवणं हा निर्दयपणा आहे. अशा घरात एसी हवाच. प्रश्न फक्त किती आणि कुठे, एवढाच आहे.

माझं उत्तर आहे, एक खोली. घरातली सर्वांत लहान, चौकापासून दूरची, शक्यतो उत्तरेकडची खोली निवडावी. तिच्या दारा-खिडक्यांना रबरी पट्ट्या लावाव्यात, छपराला खालून इन्सुलेशन द्यावं आणि एक टनाचा पाच तारे असलेला इन्व्हर्टर बसवावा. आउटडोअर चौकात नको, गच्चीवर सावलीत हवा. नळी लांबली तरी चालेल. लाट आली की घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं रात्री तिथे झोपतील. बाकीचं घर उघडं राहील. आज या घरांतून राहतात दोन-तीन माणसं आणि खोल्या असतात सहा-सात. सेंट्रल यंत्रणा देवघर, कोठीची खोली आणि मुलाची कुलूपबंद खोली इमानेइतबारे गार करत राहणार.

विजेचा हिशेबही इकडेच झुकतो. नळ्यांतून हवा जोराने ढकलायला पंख्याला जास्त वीज लागते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2015पासूनच्या नियमांत साध्या स्प्लिट सेंट्रल यंत्रणेला किमान 13-14 गुणांची कार्यक्षमता बंधनकारक केली तेव्हा या बारीक नळ्यांच्या यंत्रणेला 12वर सूट द्यावी लागली. इथे तर आणखी एक भानगड आहे. कर्नाटकात ऑगस्ट 2023पासून गृहज्योती योजनेत महिन्याला 200 युनिटपर्यंतची घरगुती वीज ठरलेल्या मर्यादेत फुकट मिळते, आणि 200च्या वर गेलात की सगळं बिल आपलं. एक टनाचा इन्व्हर्टर ऐन उन्हाळ्यात रोज सहा-सात तास चालवला तर महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिट घेईल. चार टनांची सेंट्रल यंत्रणा 200चा आकडा काही दिवसांतच मागे टाकते, आणि तिच्यासाठी थ्री-फेज जोडणी, नवं वायरिंग, वाढीव मंजूर भार हे सगळं आलंच. मला या फुकट विजेबद्दल दुसरीच चिंता वाटते. 200 युनिट फुकट मिळताहेत म्हटल्यावर छपरावर पॅनेल लावायला किंवा पांढरा लेप द्यायला कोण उठणार?

मग ही यंत्रणा कुठेच योग्य नाही का? आहे. बसवनगुडी-मल्लेश्वरमच्या जुन्या बंगल्यांत कौलांखाली लाकडी छत आणि मध्ये पोटमाळा असतो, गोव्यातल्या आणि दक्षिण कोकणातल्या मोठ्या घरांतही असतो. तिथे नळ्यांना वाट मिळते. कोकण-गोव्याच्या हवेत रात्रीही दमटपणा हटत नाही, खिडकी उघडून फारसं भागत नाही, पुस्तकांना आणि कपड्यांना बुरशी धरते. तिथे ओलावा जास्त उतरवणारं यंत्र कामाचं आहे. घरात आठ-दहा माणसं राहत असतील किंवा घराचं निवासगृह केलं असेल तर खर्चही निघेल. फक्त नळ्या पोटमाळ्यातून न्यायच्या तर आधी कौलांखाली चांगलं इन्सुलेशन हवं. उन्हाने धगधगणाऱ्या पोटमाळ्यातून थंड हवा नेणं म्हणजे चाळणीतून पाणी वाहणं. फिरून तिथेही आधी छप्परच आलं.

सरकारचं लक्ष मात्र यंत्रावर आहे. एसीला तारे मिळाले, 2023पासून छताच्या पंख्यालाही सक्तीने मिळाले, आणि 2020पासून नवा एसी सुरू होतो तो 24 अंशांवर. हे सगळं चांगलंच झालं. 2019च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्याचा अंदाज आहे की 2037-38पर्यंत देशाची थंडाव्याची मागणी वीस वर्षांत आठपट होईल. घराच्या भिंती-छपरांबद्दल 2018 साली इको निवास संहिता आली, पण ती नव्या आणि मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी. उभ्या असलेल्या जुन्या घराच्या छपराबद्दल कर्नाटकात काय किंवा महाराष्ट्रात काय, घरमालकाला मदत होईल असं काही ठोस नाही. गृहज्योतीवर जो पैसा दरमहा जातो त्यातला थोडा एकदाच छपरांवर घातला, तर पुढच्या कित्येक उन्हाळ्यांची मागणी कमी होईल. होसकोट्यासारख्या नगरसभांनी घरपट्टीत सूट देऊन सुरुवात करायला हरकत नाही.

ते होईल तेव्हा होईल. ज्यांचं जुनं घर आहे त्यांनी यंदा एसीवाल्याचं कोटेशन मागवण्याआधी, फेब्रुवारीतच, गवंड्याला गच्चीवर न्यावं. काळा कागद काढून कोबा आणि पांढरा थर करून घ्यावा, चौकावरचा पत्रा उघडता येण्याजोगा करावा, झरोक्यांना जाळ्या बसवाव्यात. एवढं करूनही मे महिन्यात घर राहण्याजोगं नसेल तर एका खोलीपासून सुरुवात करावी. आणि त्यानंतरही बारीक नळ्यांची सेंट्रल यंत्रणाच हवी असं ठरलं, तर जरूर बसवावी. छप्पर आधी सुधारलेलं असल्यामुळे ती पहिल्या कोटेशनपेक्षा बरीच लहान लागेल.